पट्टा पुसणार नाही

आलेखावरच्या फिकट निळ्या पट्ट्यावरून माझ्याशी भांडलेल्या माणसांची यादी केली, तर त्यात पहिली मीच निघेन. साहेबांचा नंबर दुसरा. आणि ज्या माणसाशी मीच भांडले, तो मात्र अगदी बरोबर होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला शहाणी समजायची चूक कोणी करणार नाही.

दुबईत रास अल खोरला एका गोदाम कंपनीत मी कामाला आहे. नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो. त्याआधी कराडला कॉलेजात अठरा वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. नवऱ्याला इथल्या हॉटेलात नोकरी लागली आणि आम्ही बर दुबईत मीना बाजारच्या मागच्या गल्लीत येऊन पडलो. मला वाटलं, अठरा वर्षांचा अनुभव, उड्या पडतील माझ्यावर. कसल्या उड्या! जो तो एकच विचारायचा, "गल्फ एक्सपीरियन्स?" नाही म्हटलं की फाइल बंद. तीन वर्षं ऐकून घेतलं ते. शेवटी या कंपनीत डेटा को-ऑर्डिनेटर झाले. हुद्दा ऐकायला झकास, काम मात्र लोकांनी हाताने लिहिलेले आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं.

तरी म्हटलं, गेलं खड्ड्यात. कारकुनी तर कारकुनी, पण मला येतं ते मी विसरणार नाही. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिच्याकडून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि आलेख काढायची लायब्ररी वापरायला शिकले. लायब्ररी म्हणजे तयार आज्ञांचा डबा. आपण आकडे द्यायचे, आज्ञा द्यायची, आलेख समोर हजर. मी मराठीत विचारायचे, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. रेघेभोवती तो निळा पट्टा कसा काढायचा, असं विचारलं तेव्हा तिने मोबाइलमधून डोकंही वर केलं नाही. "आई, इट्स जस्ट वन लाइन." खरंच एकच ओळ होती. ती एक ओळ पुढे मला चांगलीच महागात पडली.

आता शेडचं सांगते, कारण सगळं प्रकरण शेडचंच आहे. आमचं गोदाम आतून थंडगार. आत फळं, चीज, चॉकलेट. मे महिन्यातसुद्धा आत जायचं तर जाड जॅकेट घालावं लागतं. पण कंटेनर रिकामे होतात ते बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे चौदा माणसं खोकी उतरवतात. चॉकलेट वितळू नये म्हणून सगळा जीव पाखडायचा, आणि ते उतरवणारा माणूस वितळला तर मात्र हवामानाला दोष द्यायचा. उघड्यावर उन्हात काम करणाऱ्यांना उन्हाळ्यात दुपारी सुट्टी द्यावीच लागते, तो इथला कायदा आहे. आमच्या शेडला छत आहे. छत आहे म्हणजे उघडं नाही, असा कंपनीचा हिशेब. त्या पत्र्याखाली दुपारी दोन वाजता पाच मिनिटं उभं राहून बघावं, मग छत म्हणजे काय ते कळतं.

त्या चौदा जणांचा फोरमन खेड तालुक्यातला. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज बारीक आणि मान कायम जरा वाकडी, समोरच्याचं नीट ऐकून घेतल्यासारखी. मी त्यांना दादा म्हणते. ते मला पहिल्या दिवशी मॅडम म्हणाले. मी कॉलेजात शिकवायचे हे कळल्यावर म्हणाले, "मग बाईच की." तेव्हापासून बाई.

दादांकडे एक वही होती. शेडच्या खांबावर उष्णता मोजायचं मीटर आहे, आणि रोज दुपारी दोन वाजता त्यावरचा आकडा लिहून ठेवायचा नियम आहे. नियम कागदावरच राहिला असता, पण दादांनी दोन उन्हाळे एक दिवस चुकवला नाही. तारीख, आकडा, सही. एका ठिकाणी मात्र आकड्याभोवती पेनने गोल काढलेला होता. कॉम्प्युटरवर चढवताना मी तो पाहिला आणि पुढे गेले. का गोल केलाय, हे विचारावंसं वाटलं नाही मला. आज त्याची लाज वाटते.

गोल केलेल्या त्या दिवशी, दोन उन्हाळ्यांपूर्वी, दुपारी दोन वाजून गेल्यावर त्यांच्यातला एक माणूस खोकं हातात असतानाच कोसळला होता. दादांच्याच गावचा. दादांनीच त्याला इथे आणलेला. चार दिवस हॉस्पिटलात होता, वाचला, पण गावी गेला तो परत आला नाही. त्याला अजूनही उन्हात उभं राहवत नाही. त्याच्यामुळे शेडला एक ते तीन अशी सुट्टी मिळाली. कोणी मेहेरबानी केली नव्हती, एका माणसाची तब्येत देऊन ती घेतलेली होती.

आणि या मे महिन्यात साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, हेड ऑफिस पूछ रहा है, शेड का ब्रेक ज़रूरी है क्या? दो घंटे रोज़. आप डेटा देखके एक ग्राफ बना दो." वर म्हणाले, आकडे बोलतील तसं करू. मला तर बरंच वाटलं. आकडे बोलणार, आणि आकड्यांच्या वतीने बोलणारी मी! इतक्या वर्षांनी कोणीतरी मला कारकुनीपलीकडचं काम सांगत होतं.

दोन दिवस बसले. आडव्या अक्षावर उन्हाळ्याचे दिवस, उभ्या अक्षावर दोन वाजताचा आकडा. कंपनीच्या सुरक्षेच्या नियमात एक मर्यादा ठरवून दिलेली आहे, तिच्या वर गेलं की काम थांबवायचं. तिथे मी लाल रेघ मारली. मग मुलीची ती एक ओळ लिहिली, आणि काय सुंदर आलेख आला म्हणून सांगू! मधे निळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना फिकट निळा पट्टा, बारीक, सुबक, दोरीसारखा. आणि सगळाच्या सगळा लाल रेघेच्या खाली. मी ठिपके दाखवलेच नाहीत. रोजच्या आकड्यांचे ठिपके घातले की आलेख गचाळ दिसतो, म्हणून ते बंद करायची माझी सवय. खाली बारीक अक्षरात लिहिलं, "पंच्याण्णव टक्के खात्रीचा पट्टा." आणि खाली माझं नाव.

मला वाटलं होतं आकडे शेडच्या बाजूने बोलतील. नाही बोलले. जरा वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त मी त्या पट्ट्यावर खूश होते. किती बारीक! किती नेमका! साहेब म्हणाले, "व्हेरी क्लीन." त्याच दिवशी तो हेड ऑफिसला गेला, आणि दोन दिवसांत शेडमध्ये बातमी पोचली की पुढच्या महिन्यापासून सुट्टी खलास.

दुसऱ्या दिवशी दादा आले. हातात वही आणि माझ्या आलेखाची प्रिंट. कुठून मिळवली कोण जाणे. टेबलापाशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, हा पट्टा म्हंजे काय?"

मी सांगितलं. खात्रीचा पट्टा. शंभरात पंच्याण्णव खात्री की आकडा याच्या आत आहे. असं, या शब्दांत सांगितलं मी. अठरा वर्षं शिकवलेली बाई!

दादांनी वही उघडली. "मग माझे दिवस का नाय ह्यात?"

"म्हणजे?"

"हा बघा. सोळा जुलै. तुमच्या पट्ट्याच्या वर. हा सतरा, वर. अठरा खाली. एकोणीस परत वर. मी काल रात्री प्रिंटवर पेन्सिलीनं एकेक ठिपका मारून बघितला. निम्म्याहून जास्त बाहेर जातायत, बाई. शंभरात पाच बाहेर जायला पायजेत ना, तुमच्या बोलण्यापरमाणे?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. काय बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. म्हणाले, "दादा, हे गणित आहे. कॉम्प्युटरने काढलंय. पेन्सिलीने ठिपके मारून होत नसतं ते."

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग त्या गोल केलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "आमचा माणूस पडला तो दिवस हा. एवढा तरी दाखवा तुमच्या गणितात." आणि प्रिंट टेबलावर ठेवून गेले.

मी मनात म्हटलं, काय माणूस आहे, चाललाय मला संख्याशास्त्र शिकवायला. नुसतं त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी ठिपके चालू केले. एकच शब्द बदलायचा असतो.

आणि कपाळावर हात मारला. पडदाभर ठिपके. वर, खाली, सगळीकडे. मधून माझा सुबक पट्टा चाललेला, आणि त्याच्या आत मोजके, चुकूनमाकून आलेले. लाल रेघेच्या वर कितीतरी. आणि सगळ्यात वर एकटा, तो गोलातला दिवस.

चूक काय होती ते मला एका क्षणात कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त झोंबलं. वर्गाची सरासरी पंचावन्न आहे, हे मी खात्रीने सांगू शकते. जितकी मुलं जास्त तितकी ती खात्री घट्ट. पण म्हणून मागच्या बाकावरच्या एका पोराला किती मार्क पडतील ते सांगता येतं का? त्याला पस्तीसही पडतील, ऐंशीही पडतील. ती मुलीची एक ओळ जो पट्टा काढते तो सरासरीचा. सरासरी रेघ कुठून जाते एवढंच तो सांगतो. एखाद्या दिवशी दुपारी शेडमध्ये काय होईल, ते सांगत नाही. त्याचा पट्टा वेगळा असतो आणि तो रुंद असतो. हा फरक मी दरवर्षी फळ्यावर शिकवायचे, परीक्षेत हमखास विचारायचे, आणि जी मुलं चुकायची त्यांच्या पेपरावर लाल पेनाने लिहायचे, "प्रश्न नीट वाचा." कोणी विचारलेलं नव्हतं सरासरी दिवशी काय होतं ते. माणूस सरासरी दिवशी पडत नाही हो. तो एका दिवशी पडतो.

मी शेडमध्ये गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, चुकलं माझं." दादा म्हणाले, "असूद्या." मी म्हटलं, "असूद्या नाही. निस्तरते."

नवा पट्टा हाताने काढला. तयार आज्ञा नको. वरची रेघ मी मोजली, खालची रेघ मी मोजली, आणि दोघींच्या मधे रंग भरायची आज्ञा दिली. पट्टा चांगला हातभर रुंद झाला. त्याची वरची कड जूनच्या शेवटी लाल रेघ ओलांडून गेली ती सप्टेंबरपर्यंत खाली आलीच नाही. ठिपके सगळे ठेवले. गचाळ दिसतंय? दिसू दे.

साहेबांनी पाहिलं आणि चेहरा पाडला. "मॅडम, ये क्या बादल बना दिया? पहलेवाला कितना अच्छा था."

"साहेब, वो गलत था. मेरी गलती थी."

"वो तो चला गया ना. सबको पसंद आया. अब बोलेंगे हमको कुछ पता ही नहीं. इतना चौड़ा!"

"पता नहीं है तो पता नहीं दिखना चाहिए," मी म्हणाले. माझं हिंदी रागात जरा मराठी होतं, पण त्यांना कळलं.

मग ते गोडीत आले. पट्टा काढून टाका, नुसती रेघ ठेवा, लोकांचा गोंधळ होतो. मी म्हटलं, काढा की. पण खाली माझं नाव आहे तेही काढा, आणि तुमचं घाला. त्यावर त्यांनी कॉम्प्युटरकडे बघत, अगदी सहज आवाजात विचारलं, "आपका रिन्यूअल कब है, मॅडम?"

"सप्टेंबर," मी म्हटलं.

या देशात नोकरीच्या कराराचा हा प्रश्न कोणी उगाच विचारत नाही. व्हिसा, भाड्याचं घर, मुलीचं कॉलेज, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं असतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुन्हा तीन वर्षं घरी बसशील." मी म्हटलं, "बसेन." तो हसला आणि म्हणाला, "मग भांड." एवढंच आमचं बोलणं झालं.

हेड ऑफिसबरोबर मीटिंग ठरली, व्हिडिओवर. साहेबांनी आदल्या दिवशी शेवटचा उपाय काढला. "बँड रखो, लेकिन थोडा हलका कर दो." रंग किती फिका ते एका आकड्याने ठरतं, त्याला आल्फा म्हणतात. एक म्हणजे गडद, शून्य म्हणजे गायब. त्यांनी माझ्या शेजारी बसून तो करायला लावला शून्य दशांश शून्य पाच. माझ्या पडद्यावर पट्टा जेमतेम दिसत होता. मी फाइल सेव्ह केली. मला वाटतं त्यांना वाटलं, आली ताळ्यावर.

मीटिंगमध्ये आलेख लावला, आणि व्हिडिओवर तो पट्टा पार नाहीसा झाला. नुसती रेघ, लाल रेघेच्या खाली, आणि पार्श्वभूमीला धूळ उडाल्यासारखे ठिपके. हेड ऑफिसच्या बाई म्हणाल्या, "ओके, सो वी आर बिलो द लिमिट." साहेबांनी मान हलवली. पुढचा विषय काढायला तोंडही उघडलं.

"एक मिनिट," मी म्हटलं.

सगळ्यांसमोर, पडदा चालू ठेवून, मी कोड उघडला. दशांशापुढचं शून्य पाच खोडलं. सहा लिहिलं. पुन्हा आज्ञा दिली. एका सेकंदात पडद्यावर तो निळा पट्टा आला, गडद, रुंद, लाल रेघ गिळून बसलेला. मी म्हटलं, पूर्वी पाठवलेला आलेख चुकीचा होता, चूक माझी होती. तो सरासरीचा पट्टा होता. हा एकेका दिवसाचा आहे. शेडमधली माणसं एकेका दिवशी काम करतात. इंग्रजीत म्हणाले सगळं.

त्या बाईंनी विचारलं, "आणि तो सगळ्यात वरचा ठिपका? मीटर बिघडलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी तिथे माणूस पडला."

साहेब पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. मग त्या बाई म्हणाल्या, ब्रेक राहू दे, आणि रोजची नोंद चालू ठेवा. यल्ला, पुढचा विषय. दोन मिनिटं लागली असतील सगळ्याला. मी बाहेर येऊन पाण्याचे तीन ग्लास प्यायले.

तो आलेख मी मोठ्या कागदावर छापून शेडमध्ये मीटरच्या खांबावर चिकटवला. या उन्हाळ्याचे दिवस कोरे ठेवले, पट्टा मात्र आधीच काढलेला. दादा रोज दोन वाजता मीटर बघतात आणि लाल पेनने एक ठिपका मारतात. त्यांना मी नीट समजावलंय की शंभरात दोनेक दिवस या रुंद पट्ट्याच्याही वर जातील, तेवढं धरलेलंच आहे. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. आलेख काढायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय, आता पुन्हा नुसतं आकडे चढवणं. सप्टेंबर यायचाय. इन्शाल्ला, काय व्हायचं ते होईल.

परवा ऑगस्टातल्या एका दुपारी मी टेबलापाशी होते. साहेबांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं. फोन वाजला, दादांचा.

"बाई, आज ठिपका बाहेर गेला. पट्ट्याच्या वर. त्या दिवसाच्याबी वर."

मला एकदम शिक्षकी झटका आला. म्हटलं, "दादा, मी सांगितलं होतं ना, शंभरात एखाददोन वर जाणारच. त्याने पट्टा खोटा ठरत नाही."

"म्हायती हाय वो. त्यासाठी नाय फोन केला."

"मग?"

"दोन वाजलेत," दादा म्हणाले. "चौदाच्या चौदा माणसं सावलीत बसलीयत. एवढंच सांगायचं व्हतं."

मी केबिनकडे पाहिलं. साहेबांनी मान वर केली होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

"दादा, पुन्हा सांगा," मी म्हटलं. "जरा मोठ्याने."